थोरली शाळेत, धाकटा अंगणवाडीत

आपल्या समाजात मुलांच्या प्रगतीचा विषय निघाला की बोलणे शाळेपासून सुरू होते. कोणत्या शाळेत घातले, दहावीला किती टक्के पडले, स्कॉलरशिप मिळाली का, वसतिगृहात नंबर लागला का, याची चौकशी घरोघरी होते. ती झालीच पाहिजे. शिक्षणावाचून आपल्याला दुसरा रस्ता नाही, हे आपल्या आई-वडिलांनी अर्धपोटी राहून शिकवले आहे. परंतु मूल सहाव्या वर्षी पहिलीच्या वर्गात जाऊन बसते, तोवर त्याच्या शिक्षणाचा बराचसा पाया घालून झालेला असतो. तो आईच्या ताटात, वजनकाट्यावर आणि अंगणवाडीच्या सतरंजीवर घातला जातो. तिथे कच्चा राहिला तर पुढे शिकवणी लावूनही तो पुरता भरून निघत नाही.

अशीच दुसरी नाजूक वेळ दहा ते एकोणीस या वयात येते. शरीर झपाट्याने वाढते, मन अस्वस्थ होते, आणि घरात मात्र "आता मोठी झाली", "आता मोठा झाला" एवढेच बोलले जाते. या दोन्ही वयांसाठी सरकारी योजना आहेत, पैसा मंजूर आहे, माणसे नेमलेली आहेत. त्या आपल्या वस्तीपर्यंत येतात का? आणि येत नसतील तर त्या आणण्यासाठी आपण काय करतो? या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

पहिले हजार दिवस

गर्भारपणाचे २७० दिवस आणि बाळाच्या पहिल्या दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून हजार दिवस होतात. दोन वर्षांचे होईपर्यंत मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळजवळ ८० टक्के वाढलेला असतो. या काळात आई अशक्त राहिली, बाळाला वेळेवर वरचे अन्न मिळाले नाही, वारंवार हगवण लागली, तर वाढ खुंटते. उंची तर कमी राहतेच. लक्ष लागणे, आठवणे, बोलणे यांवरही परिणाम होतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. वयाच्या मानाने कमी वजनाची ३६.१ टक्के होती. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. देशाचे आकडे जातवार पाहिले तर अनुसूचित जाती व जमातींच्या मुलांत वाढ खुंटण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे.

पुष्कळ घरांत म्हणतात, "बापच ठेंगणा, तर पोर कुठून उंच होणार?" या समजुतीला शास्त्राने उत्तर दिलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली मुलांच्या वाढीचे जे मापदंड जाहीर केले, ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील मुलांची मोजमापे घेऊन केले. पोटभर दूध, स्वच्छ घर आणि वेळेवर उपचार मिळाले तर या सर्व देशांतील लहान मुले जवळजवळ सारखीच वाढतात, असे दिसून आले. बाळ जात घेऊन खुजे जन्मत नाही. उपासमार, आजार आणि आईची हेळसांड त्याला खुजे करतात.

मग करावयाचे काय? गोष्टी साध्या आहेत. जन्मतः बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर त्याला जास्त जपावे. पहिल्या तासात अंगावर घ्यावे. चिकाचे दूध पिळून टाकू नये. सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. घुटी नको, मध नको, पाणीही नको. सहा महिने पूर्ण होताच मऊ वरणभात, नाचणीची पेज, कुस्करलेली भाकरी, वर थोडे तेल, उकडलेले अंडे, घरात मासळी होत असेल तर काटे काढलेली मासळी सुरू करावी. दर महिन्याला वजन करावे. लागोपाठ दोन महिने वजन वाढले नाही तर मूल खेळते-हसते आहे म्हणून गप्प बसू नये, सेविकेला विचारावे.

सेविकेजवळ दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, म्हणजे पट्टी लाल दाखवू लागली, की मूल तीव्र कुपोषित आहे आणि त्याला उपचाराची गरज आहे. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे पिवळा रंग. सावध होण्याची वेळ. अशा मुलांसाठी गावात ग्राम बालविकास केंद्र आणि रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र अशी सोय केलेली आहे.

बाळंतपण दवाखान्यात झाले असले तरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ-बाळंतिणीला तपासावे असा नियम आहे. या नियमाचे मूळ आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्यांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि २०११ मध्ये देशभर ही पद्धत स्वीकारली गेली. थोडे शिकलेल्या बाईच्या हातून, तिला नीट शिकवले व पाठबळ दिले तर, हे काम होते.

खेळ हेही औषध

नुसते पोट भरून भागत नाही. मुलाशी बोलणे, त्याला जवळ घेणे, खेळवणे यानेही मेंदू घडतो. जमैका देशाच्या किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली. वय नऊ महिने ते दोन वर्षे. त्यांतील काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जात आणि आईला बाळाशी कसे खेळावे, काय बोलावे हे दाखवीत. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची असत. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा त्या मुलांची कमाई, तशाच घरांतील ज्यांना हा लाभ मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा २५ टक्के जास्त होती.

महाराष्ट्रातही 'आरंभ' या कार्यक्रमातून अंगणवाडी सेविका पालक मेळावे घेऊन हेच शिकवतात. डब्याचे झाकण, चमचा, खुळखुळा, कापडाची बाहुली पुरेशी असते. यात बापानेही बसावे. संध्याकाळी अर्धा तास बापाने पोराला मांडीवर घेऊन गोष्ट सांगितली तर त्याला एक पैसा खर्च येत नाही. रडते म्हणून हातात मोबाईल देणे म्हणजे खेळवणे नव्हे.

अंगणवाडी कोणाच्या अंगणात?

'अंगणवाडी' हा शब्द मराठी आहे आणि ती कल्पनाही याच मातीतली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथे काम केले. वाड्या-पाड्यांतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, असा तो विचार होता. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात येतात.

ज्यांच्यासाठी ही कल्पना निघाली त्यांच्याच अंगणात ती उशिरा पोचली. गावाच्या मधोमध, देवळाच्या ओसरीवर किंवा पाटलाच्या आळीत अंगणवाडी भरली की वस्तीतले तीन वर्षांचे पोर तिथवर एकटे जाणार कसे? आई मजुरीला गेलेली असते. गेलेच तर त्याला कुठे बसवले जाते, पाणी कोण देते, हे प्रश्न आपल्याला नवे नाहीत. मूळचे अमरावती जिल्ह्यातील डॉ. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी पाच राज्यांतील ५३१ गावांच्या पाहणीवर आधारलेला लेख २००५ मध्ये प्रसिद्ध केला. शाळेतील मध्यान्ह भोजन आणि रेशन दुकान यांत जातिभेद कसा चालतो, हे त्यांनी दाखवून दिले. अन्न कुठे शिजते, कोण शिजवते आणि कोणाच्या आळीत वाटले जाते यावर ते कोणाच्या पोटात जाणार हे ठरते, हा त्या पाहणीचा धडा अंगणवाडीलाही लागू आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखले होते. अन्न अधिकाराच्या खटल्यात ७ ऑक्टोबर २००४ रोजी न्यायालयाने सांगितले की अनुसूचित जाती-जमातींच्या सर्व वस्त्यांत लवकरात लवकर अंगणवाडी व्हावी, आणि लाभासाठी दारिद्र्यरेषेची अट लावू नये. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात त्यापुढचे पाऊल होते. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असे त्यात म्हटले होते. हा खटला २०१७ मध्ये निकाली निघाला. तत्पूर्वीच, २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि गरोदर व स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला होता. आहार मिळाला नाही तर भत्ता द्यावा, अशी तरतूदही त्या कायद्यात आहे. म्हणून अंगणवाडीच्या दारात आपण याचक म्हणून उभे राहत नाही.

त्याचबरोबर आकडेही पाहावेत. वर्षाचे ३०० दिवस मुलाला रोज ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने द्यावीत असे प्रमाण आहे. त्यासाठी २०१७ मध्ये केंद्राने मुलामागे दिवसाला ८ रुपये दर ठरवला. आठ रुपयांत अंडे, डाळ आणि भाजी कशी बसवायची, हा हिशेब कोणत्याही गृहिणीने करून पाहावा. चांगला आहार मागताना हा दर वाढवण्याची मागणीही आपण केली पाहिजे.

मनावर घेतले तर फरक पडतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २००५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद येथे राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले. रिकाम्या जागा भरणे, दर महिन्याला वजन घेणे, हजार दिवसांवर भर देणे अशी साधी कामे नेटाने झाली. २००५-०६ मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील वाढ खुंटलेली मुले सुमारे ३९ टक्के होती. २०१२ च्या राज्यव्यापी पाहणीत ती सुमारे २३ टक्के आढळली. पुढे ही गती टिकली नाही. ज्या गोष्टीवरून लक्ष उडते ती मागे पडते.

कडेवर भाऊ, हातून शाळा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे वळू. लहान मूल आणि वयात येणारी मुलगी यांचे प्रश्न आपण दोन वेगळ्या कप्प्यांत टाकतो. सरकारही तसेच करते. पण आपल्या घरात ते दोघे एकाच छपराखाली राहतात. आई निंदणीला, धुण्याभांड्याला, झाडूकामाला किंवा बांधकामावर जाते. अंगणवाडी लांब आहे, किंवा ती उघडतच नाही. मग धाकट्याला कोण सांभाळणार? दहा-अकरा वर्षांची थोरली. आधी ती आठवड्यातून एक दिवस शाळा बुडवते, मग दोन दिवस, आणि सातवीत तिचे नाव निघते. शाळा सुटली की स्थळे येऊ लागतात.

म्हणजे अंगणवाडीचे दार बंद राहिले की एका घरात दोन मुलांचे नुकसान होते. धाकट्याचा आहार आणि शिक्षण जाते, थोरलीची शाळा जाते. पुढे ती थोरली सतराव्या वर्षी, अंगात रक्त नसताना आई होते आणि तिचे बाळ दोन किलोचे जन्मते. हे चक्र पुन्हा पहिल्यापासून फिरते. २०१९-२१ च्याच पाहणीत राज्यातील २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के, तर बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के होते. बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांची संख्या आपल्याला ठाऊक आहे. कोप्यांच्या फडात अंगणवाडी नसते, आणि वयात आलेल्या मुलीला गावी एकटे ठेवण्याची आई-बापांना धास्ती वाटते. त्यातून लग्न उरकले जाते. अशा कुटुंबांनी निघताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्यावे आणि मुक्कामाच्या गावातील अंगणवाडीत नाव घालावे; गाव परके असले तरी हक्क तोच राहतो. आणि जिथे आया दिवसभर कामावर असतात तिथे पाळणाघराची मागणी करावी. केंद्राची 'पाळणा' योजना त्यासाठीच आहे.

दहा ते एकोणीस

महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५७.२ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे या पाहणीत दिसले. दम लागणे, डोके दुखणे, अभ्यासात मन न लागणे याला आपण आळस म्हणतो. शाळेत व अंगणवाडीत या वयाच्या मुला-मुलींना आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मिळते. वर्षातून दोनदा जंताची गोळीही मिळते. गोळी जेवणानंतर घ्यावी, तिच्याबरोबर चहा पिऊ नये, लिंबू चालते. शौचाला काळे झाले तर घाबरू नये. मुलींनी गोळी खिडकीतून फेकू नये म्हणून आईने तिला कारण समजावून सांगावे.

विदर्भातील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. वयात येणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीची रक्त तपासणी करून घ्यावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेतून ती सरकारी दवाखान्यात होते. वाहक म्हणजे रोगी नव्हे. परंतु दोन्ही वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल रोगी होण्याची शक्यता २५ टक्के असते. सोयरीक जुळवताना पत्रिका आपण पाहत नाही, हे चांगलेच आहे. रक्ताचा कागद मात्र जरूर पाहावा. ज्याला हा आजार आहे त्याने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

जानेवारी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू झाला. आहार, प्रजनन आरोग्य, मनाचे आरोग्य, हिंसा व अपघात, व्यसन आणि पुढे होणारे मधुमेहासारखे आजार असे सहा विषय त्यात आहेत. ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असते. तिथे पाळी, शरीरातील बदल, भीती, नैराश्य याबद्दल मोकळेपणी विचारता येते. सल्ला मोफत असतो आणि तो गुप्त ठेवला जातो. आपल्या किती पोरांना हे माहीत आहे?

मुलांकडे तर आपण कमीच पाहतो. मुलगा बाहेर फिरतो म्हणजे तो ठीक आहे, असे गृहीत धरतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी गुटखा आणि खर्रा टपरीवर मिळतोच, आणि चौदाव्या वर्षी लागलेली सवय आयुष्यभर सुटत नाही. परीक्षेचा निकाल, पहिल्या पिढीचे शिक्षण, कॉलेजात आडनावावरून होणारी विचारणा यांचे ओझे ही मुले मुकाट्याने वाहतात. पोर अचानक गप्प झाले, झोप उडाली, जेवण तुटले तर त्याला नाटक म्हणू नका. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. मुलावर अत्याचार होत असेल किंवा बालविवाह ठरत असेल तर १०९८ वर कळवावे.

सरकारची उणीवही सांगितली पाहिजे. 'सबला' योजनेत किशोरींना अंगणवाडीतून आहार मिळत असे. २०२१-२२ पासूनच्या नव्या रचनेत १४ ते १८ वयाच्या मुलींचा आहार आकांक्षित जिल्ह्यांपुरता आणि ईशान्य राज्यांपुरता ठेवला गेला. महाराष्ट्रात असे जिल्हे चारच: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. बाकीच्या जिल्ह्यांतील आपल्या मुलींना भूक लागत नाही काय?

हा भार कोणी उचलावा?

काहीजण म्हणतात, मुले ज्याची त्याने पाहावीत, सरकार कुठवर पुरणार? या प्रश्नाचा निकाल बाबासाहेबांनी १९२८ मध्येच लावला आहे. मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये त्यांनी खाणीत राबणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती मांडली. आईच्या पोटातील मूल ही राष्ट्राची जबाबदारी आहे, असे त्यांनी मानले. आपण ते मागताना संकोच का करावा?

वस्तीने करावयाची कामे

१. महिला मंडळाने एका रविवारी वस्तीतील सहा वर्षांखालील मुलांची, गरोदर मातांची आणि शाळा सुटलेल्या मुलींची यादी करावी. आकडा हातात असला की अधिकारी ऐकतो.

२. वस्तीत अंगणवाडी नसेल तर यादी जोडून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. सर्वसाधारणपणे ४०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी आणि १५० ते ४०० च्या वस्तीला मिनी अंगणवाडी असे प्रमाण ठरलेले आहे. दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे.

३. जागेचे कारण सांगितले गेले तर विहाराचे सभागृह सकाळच्या वेळी देऊ करावे. मुलांच्या किलबिलाटाने विहाराची शोभा वाढेल.

४. दर महिन्याच्या आरोग्य व पोषण दिवसाला सासू आणि सून दोघींनी जावे. घरातला निर्णय पुष्कळदा सासूच्या हातात असतो.

५. अंगणवाडीच्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेच्या मुलांची एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य पथकाकडून तपासणी व्हावयाची असते. २०१३ साली पालघर येथून या कार्यक्रमाचा देशात आरंभ झाला. हृदयाचे छिद्र, बहिरेपण, फाटलेला ओठ, उशिरा बोलणे यांवर त्यातून पुढील उपचार मिळतात. पथक कधी आले, कधी येणार, याची विचारणा करावी.

६. सेविका आणि आशा यांच्याशी भांडण मांडू नये. तुटपुंज्या मानधनावर वजन, वाटप, मोबाईलवरची नोंद असे सगळे त्यांच्या अंगावर टाकलेले आहे. त्यांच्या मागण्यांना आपण पाठिंबा दिला तर त्याही आपल्या वस्तीच्या बाजूने उभ्या राहतील.

७. आणि घराच्या आतले एक काम. ताटात शेवटी उरलेले ते मुलीला, ही रीत आजपासून बंद करावी.

आपल्या आधीच्या पिढीने पाण्यासाठी आणि शाळेच्या बाकासाठी झगडा केला. आपल्याला अर्ज, यादी आणि दर महिन्याचा पाठपुरावा एवढेच करावयाचे आहे. थोरली सकाळी दप्तर घेऊन शाळेला निघावी आणि धाकटा तिचे बोट सोडून अंगणवाडीत शिरावा, इतकी व्यवस्था प्रत्येक वस्तीत झाली तर पुढच्या दहावीच्या निकालाची काळजी निम्मी कमी होईल. येत्या रविवारी यादीला सुरुवात करा.